पाच ते साडेपाच

परवा दुपारी लॅबमध्ये नमुन्यांच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवत होते, तेवढ्यात मोबाइल थरथरला. आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर यादी आली होती. राखेचा बुधवार जवळ आला की पाळकीणबाई ही यादी काढतात. पाळकसाहेब उपदेश करतात, पण मंडळी चालवतात त्यांच्या पत्नी. हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि पाळकसाहेबांना सगळ्यात जास्त ठाऊक आहे. मी बोटानं यादी खाली सरकवत गेले. पाच ते साडेपाच, रूथ. साडेपाच ते सहा, शांतवनकाका. आपलं नाव त्यांच्या वर बघून बरं वाटलं, आणि पाठोपाठ थोडी लाजही वाटली. तीन वर्षं झाली, पण ती लाज काही जात नाही.

पुनरुत्थानाच्या सणाआधीचे, म्हणजे ईस्टरआधीचे, चाळीस दिवस म्हणजे लेंट; राखेच्या बुधवारी ते सुरू होतात. या दिवसांत आमच्यात कुणी मटण सोडतं, कुणी गोड, कुणी टीव्हीवरच्या मालिका. माझ्या नवऱ्यानं, विलासनं, एका वर्षी चहा सोडला होता. उपवास त्यानं केला आणि प्रायश्चित्त घरातल्या बाकीच्यांनी घेतलं. त्याशिवाय आमच्या मंडळीत साखळी असते. मंडळी लहान आहे, ऐरोलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी भरते. साखळी म्हणजे पहाटे चारपासून अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे पाडायचे, आणि प्रत्येकानं आपल्या तुकड्यात घरी बसून प्रार्थना करायची. आपलं झालं की पुढच्याला कळवायचं, मग तो बसतो. चाळीस दिवस कुणी ना कुणी देवापुढे बसलेलं असावं, मधे फट पडू नये, एवढाच त्यातला हेतू.

हे दिवस ऐरोलीत मला फार आवडतात. थंडी गेलेली असते आणि घामाला अजून सुरुवात झालेली नसते. पहाटे खाडीकडून वारा येतो, त्यात चिखलाचा वास असतो आणि वारा फिरला तर रबाळ्याच्या कारखान्यांचाही. समोरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक दिवा लागलेला असतो, दहावीचं नाहीतर बारावीचं कुणीतरी तिथे पुस्तक घेऊन पेंगत असतं. सोसायटीची पाण्याची मोटर सुरू होते. कोकीळ घसा साफ करायला लागतो. हे सगळं मी आज सांगू शकते, कारण पाच वाजता मी जागी असते. तीन वर्षांपूर्वी नव्हते.

तीन वर्षांपूर्वीच्या लेंटची गोष्ट सांगायची तर आधी आईचं सांगायला हवं. आई राहुरीकडची. शेवटचं दीड वर्ष ती माझ्याकडे होती, किडनीचं दुखणं घेऊन. तिची प्रार्थनेची वेळ पाचची. स्वयंपाकघरात जमिनीवर बसायची, ओट्याच्या खालच्या दाराला पाठ लावून, डोक्यावर पदर घेऊन, मांडीवर शास्त्र, म्हणजे बायबल. लहानपणी राहुरीच्या घरात तिला तशीच बघत मी मोठी झाले. ती आजारी पडल्यावर मी तिच्या शेजारी बसायला लागले. मागायचे एकच, हिला बरं कर. मी कामाला चोख आहे. लॅबमध्ये एक चाचणी तीनदा करणारी बाई मी, प्रार्थनाही तशीच केली, नेटानं, रोज, एकही दिवस न चुकवता. आई गेली. भेटायला आलेले लोक म्हणाले, प्रभूची इच्छा. मी मान हलवली. मनात म्हटलं, तसंच होतं तर माझ्याकडून दीड वर्ष मागून घेतलंस कशाला?

त्यानंतर रविवारची उपासना मी सोडली नाही. पेटी-तबल्यावर गायन सुरू झालं की सूर लावायचे, आमेनही वेळेवर म्हणायचे. पण घरी एकटीनं बसणं बंद केलं. आईचं शास्त्र तिच्याच एका निळ्या साडीच्या तुकड्यात बांधून कपाटावर ठेवून दिलं. कुणाला काही कळलं नाही. बाहेरून सगळं जागच्या जागी होतं, आणि माझं देवाशी बोलणं मात्र पूर्ण थांबलं होतं. मला त्याचा राग होता. रागापेक्षा वाईट म्हणजे, पुन्हा बोलायचं कसं ते मला येईनासं झालं होतं. चाळीशी ओलांडलेल्या माणसानं हे कुणाला सांगायचं?

तर त्या वर्षी पाळकीणबाईंनी मला नेमकी पाचची वेळ दिली. नाही म्हणता आलं नाही. माझ्या आधी जुईनगरचे एक बंधू होते. ते पाचच्या ठोक्याला मोबाइलवर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवत आणि बहुधा झोपून जात. माझ्यानंतर शांतवनकाका. ते दिघ्याला राहतात, एका कारखान्यात बॉयलरवर तीसेक वर्षं काढून निवृत्त झालेले. उपासनेत मागच्या बाकावर बसायचे आणि संपली की लगेच निघायचे, त्यामुळे ओळख नावापुरती. त्यांच्याकडे बटणांचा फोन. त्यांना चित्र पाठवून चालणार नव्हतं, फोनच करायला हवा होता.

पहिल्या दिवशी जोडलेले हात आले. मी कूस बदलली. पाच अठ्ठावीसचा गजर लावला होता, तो झाला, आणि साडेपाचला अंथरुणातूनच फोन लावला.

"काका, रूथ बोलतेय. माझं झालं."

"बरं झालं. काय म्हनला?"

"कोण?"

"कोन म्हंजे? ज्याच्याशी बोलत व्हता तुमी, तो."

आता काय सांगणार? झोपेत जे तोंडाला आलं ते म्हटलं, "घाबरू नको, म्हणाला."

"अस्सं. घाबरू नको." त्यांनी ते सावकाश, एकेक शब्द सुटा करून परत म्हटलं. "बरं. ठेवतो."

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची बोलायची लकब असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, काय म्हनला? "मी आहे, म्हणाला." तिसऱ्या दिवशी माझा गुडघा ठणकत होता. आदल्या सकाळी कंपनीची बस धरायला धावताना सोसायटीच्या गेटपाशी सपशेल आपटले होते. म्हणून म्हटलं, "हळू चाल, म्हणाला. घाई नको." काका तेही सावकाश परत म्हणाले. चौथ्या दिवशी सगळं ठीक होईल, पाचव्या दिवशी झालं गेलं विसर. दिनदर्शिकेच्या पानावर छापतात तसल्या ओळी मला भराभर सुचत होत्या. आठव्या दिवशी ओढूनताणून एक काढली. नवव्या दिवशी तर 'उन्हात जपून राहा' हे मी देवाच्या तोंडी घातलं. मार्च लागला होता.

हे लिहिताना लाज वाटते, तेव्हा फारशी वाटली नव्हती. आणि मी कोण? आमच्या लॅबमध्ये नमुना न तपासता आकडा लिहिणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. एका सहकारी बाईनं एकदा तसं केलं, तर मी आठवडाभर तिच्याशी बोलले नव्हते. तिच्या डब्यातली भाजीसुद्धा घेतली नव्हती.

दहाव्या दिवशी माझ्याजवळचं सगळं संपलं. पाच वाजताच जाग आली, ती भक्तीनं नाही, साडेपाचला काय सांगायचं या धास्तीनं. उठले, स्टुलावर चढले आणि कपाटावरून आईचं शास्त्र काढलं. एखादी बरी ओळ शोधून काकांना सांगायची, एवढाच विचार. कॉपी करणाऱ्यालाही पुस्तक उघडावंच लागतं. कापड सोडलं तर आत आईच्या हातांचा वास नव्हता, डांबरगोळ्यांचा होता, मीच ठेवल्या होत्या. पानांवर हळदीची बोटं होती. गोळ्यांचं एक रिकामं पाकीट खूण म्हणून घातलेलं. पेन्सिलीनं ओळींखाली बारीक रेघा. मी एक रेघ मारलेली ओळ उचलली आणि काकांना दिली. पुढचे चार दिवसही तेच केलं. स्टूल मात्र आता तिथेच ठेवलं होतं.

पंधराव्या दिवशी स्तोत्रांच्या पानांत शोधत होते. एका पानाच्या कडेला आईचं अक्षर दिसलं. शेवटच्या महिन्यांत तिचा हात थरथरायचा, तसं ते थरथरलेलं अक्षर. लिहिलं होतं, 'रूथला झोप लागू दे.'

मी खालीच बसले. ओट्याच्या दाराला पाठ टेकली तेव्हा लक्षात आलं की ही आईची जागा. त्या दीड वर्षात मी रात्ररात्र जागत होते, तिच्या पायाची सूज बघत, औषधांच्या वेळा सांभाळत. पहाटे तिच्या शेजारी बसून मी म्हणायचे, हिला बरं कर. आणि ती माझ्या शेजारी बसून म्हणत होती, हिला झोप लागू दे. मला वाटत होतं आम्ही दोघी एकच मागतोय. ती गेल्यापासून मी अगदी गाढ झोपत होते, पाचला मोबाइल वाजला तरी कूस बदलून झोपण्याइतकी. म्हणजे तू तिचं ऐकलंस, आणि माझं नाही? हे मी मोठ्यानं म्हटलं. आतल्या खोलीत विलास झोपला होता, पण मला त्याचं भान नव्हतं. रडले. जे जे साचलं होतं ते सगळं बोलले, नको ते पण बोलले. मधेच कधीतरी ओढणी डोक्यावर ओढून घेतली होती, ती कधी घेतली ते आठवत नाही.

फोन लावायला पाच मिनिटं उशीर झाला.

"काय म्हनला?"

"आज तो काही बोलला नाही, काका. मीच बोलले. भांडले त्याच्याशी."

काका म्हणाले, "बरं झालं. भांडन हाय म्हंजे येनंजानं हाय. ठेवतो."

तिथून पुढे मी खरंच बसायला लागले. त्यातून लगेच काही मोठं घडलं नाही. तेज दिसलं, आवाज आला, असलं मला सांगता येणार नाही. पहिल्यांदा दहा मिनिटांतच पाय अवघडायचे, मन कंपनीत जायचं, डब्याला काय करायचं यात जायचं. मी ते तसंच सांगायला लागले, की बघ, माझं लक्ष नाही. आईसाठी मागत होते तेव्हा माझ्या हातात कायम एक अर्ज असायचा. आता अर्ज नव्हता. नुसतं बसायचं होतं, आणि कुणीतरी शेजारी बसलंय असं आठवड्यातून एखाद्या वेळी वाटायचं, चार-दोन मिनिटं. पण तेवढ्यावर दिवस निघायचा. बसमध्ये, लॅबमध्ये, भाजी निवडताना मधेच एखादं वाक्य त्याच्याशी बोलून जायचे. मला माझा देव परत मिळत होता आणि त्याचा मला फार आनंद होत होता. हे इतकं सरळ सांगायला हवं.

काही दिवस अगदी कोरडे जायचे. पहिल्यांदा तसा दिवस आला तेव्हा मी काकांना भीत भीत म्हटलं, "आज काही नाही."

"मग काही नाय," काका म्हणाले. "बॉयलरवर बी व्हतं तसं. तास-तास काटा हालत नाय. तरी दर तासाला उठून बघायचंच. आन् रजिस्टरला लिहायचं, हाय तसं."

एका शनिवारी, साखळीचे पंचवीस-सव्वीस दिवस झाले असतील, अर्धा दिवस सुट्टी होती म्हणून रबाळ्याच्या आमच्या लॅबमधून शेअर रिक्षानं दिघ्याला गेले. काकांची बायको, मार्थाकाकू, दोन वर्षं अंथरुणावर आहेत एवढं ऐकून होते. काका उपासना संपल्या संपल्या का पळतात ते आता लक्षात आलं होतं. बरोबर पिकलेले चिकू घेतले. डोंगराच्या अंगाला चढत जाणारी गल्ली, दोन खोल्या, दारात तुळशीसारखी जपलेली कोरफड. काकूंना अर्धांगवायू झालेला, उजवी बाजू गेलेली, ऐकायला कमी येतं. पण डोळे लख्ख. मला बघून त्यांनी डावा हात उचलला.

"ही रूथ," काका मोठ्यानं म्हणाले, "फोनवाली!"

काकूंनी त्याच हातानं पलंगासमोरच्या भिंतीकडे दाखवलं. भिंतीवर जुन्या दिनदर्शिकेचं मोठं पान उलटं करून चिकटवलेलं होतं. कोऱ्या बाजूवर पट्टीनं आखलेल्या ओळी, डावीकडे तारीख, पुढे वेळ, आणि पुढे जाड पेनानं, सुवाच्य अक्षरात, एकेक नोंद. पाच-तीस. घाबरू नको. पाच-तीस. मी आहे. पाच-तीस. हळू चाल, घाई नको.

"हिला उपासनेला नेता येईना," काका सांगत होते. "उपदेश ऐकू येईना. म्हनली, तो मला काही सांगत नाय आता. मग साखळीत नाव घातलं माझं. म्हटलं, आपल्या आधी जो असंल त्याला विचारू, काय म्हनला. आन् भिंतीवर लिहू. दिवसभर वाचीत असते."

मार्थाकाकूंनी काहीतरी म्हटलं. जीभ जड होती, मला कळलं नाही. काकांनी अर्थ सांगितला. "ती तिसरी ओळ तिला सांगितलीय म्हनते. आधी लई घाई करायची ना. डॉक्टरनं उठायचं नाय म्हनून सांगितलं तरी भिंत धरून चालाया जायची, पडायची. ती ओळ आली त्या दिवसापासनं एकेक पाऊल टाकाया लागली. आता खुर्चीपर्यंत जाती."

समोर रजिस्टर होतं. नीट आखलेलं, तारीखवार, एकही दिवस न सोडता, आणि त्यातल्या पहिल्या नऊ नोंदी कधी घेतल्याच गेल्या नव्हत्या. एक म्हातारी बाई त्या वाचून पाऊल टाकत होती. 'उन्हात जपून राहा' हेसुद्धा तिथे होतं, बाकीच्याइतक्याच जाड अक्षरात.

"ईस्टरला साक्ष देनार मी," काका म्हणाले. "हा कागद घेऊन. सगळ्या मंडळीपुढं वाचनार. माझ्या उभ्या जन्मात मी साक्ष दिली नाय."

साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. त्यात थोडंफार तिखटमीठ लावणारे असतात, पण खोटी साक्ष, आणि तीही देवाच्या नावानं, याच्याइतकं वाईट आमच्यात दुसरं काही नाही. ती मी नाही, शांतवनकाका देणार होते. माझं खोटं, त्यांच्या तोंडून. चिकू कुणी खाल्ले, मी चहा घेतला की नाही, काही आठवत नाही.

घरी येऊन विलासला सांगितलं. तो म्हणाला, "टेन्शन कशाला घेतेस एवढं? त्यांना बरं वाटतंय ना? तुझं काय जातंय? आणि आता तर तू खरंच करतेस सगळं." त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं मला म्हणवेना. सांगितलं तर काकूंची उभारी जाईल. काका माझं तोंड बघायचे नाहीत, आणि त्या साडेपाचच्या फोनची मला आता सवय झाली होती, माया झाली होती. नाही सांगितलं तर? पण आता पाच वाजता मी बसले की सगळ्यात आधी तो कागदच डोळ्यांपुढे यायचा. बाकी काही बोलताच येईना. इतक्या कष्टानं सुरू झालेलं बोलणं पुन्हा तिथे येऊन अडलं, आणि या वेळी अडवणारी मीच होते. दोन आठवडे असे काढले. ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार आला. आमच्या हॉलजवळ गावातल्या एका आगरी मावशींची माडांची बाग आहे, त्या दर वर्षी झावळ्या देतात. "न्या ना, देवाचंच हाय," म्हणतात. त्या झावळ्या हातात घेऊन सगळ्यांबरोबर मीही गायले. मागच्या बाकावर काका मन लावून गात होते.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी तीन तास उपासना झाली. त्या तीन तासांत मी ठरवलं.

शनिवारी, साखळीच्या शेवटच्या दिवशी, साडेपाचला फोन केला. त्यांनी विचारलं, काय म्हनला. मी म्हटलं, "काका, आज त्यानं मला तुमच्याशी खरं बोलायला सांगितलंय." आणि सांगून टाकलं. पहिले नऊ दिवस मी उठलेच नव्हते. नऊच्या नऊ ओळी माझ्या मनच्या. पुढच्या पाच शास्त्रातल्या, पण प्रार्थना न करता नुसत्या उतरवलेल्या. पंधराव्या दिवसापासूनचं सगळं खरं.

काका म्हणाले, "शास्त्रातल्या शास्त्रातच हायेत. त्या राहू दे." मग, "ती तिसरी?"

"ती पण माझीच, काका."

फोन बंद झाला. 'ठेवतो' न म्हणता त्यांनी फोन बंद केला, चाळीस दिवसांत पहिल्यांदा. मी ओट्याच्या दाराला टेकून बसून राहिले. मोकळं वगैरे काही वाटलं नाही. मार्थाकाकू आज भिंतीकडे बघत असतील की भिंतीवर आता काही नसेल, एवढाच विचार दिवसभर डोक्यात होता.

ईस्टरची उपासना आम्ही पहाटे शाळेच्या मैदानात करतो. लोक पांढऱ्या कपड्यांत येतात, मुलांच्या हातात रंगवलेली अंडी असतात, आणि उजाडायच्या सुमाराला गायन सुरू होतं. मी गेटपाशी उभी होते. काका येणार नाहीत असं मी धरून चालले होते. पण पावणेसहाच्या सुमाराला ते रिक्षातून उतरले. इस्त्री केलेला पांढरा शर्ट, काखेत कागदाची गुंडाळी. सरळ माझ्याकडे आले. नमस्कार नाही, काही नाही. शेजारी शाळेचा लाकडी डेस्क पडला होता, त्यावर त्यांनी तो कागद पसरला, कोपऱ्यांवर दोन दगड ठेवले आणि खिशातून पेन काढलं.

"तुमच्या लॅबला रीडिंग चुकीचं लिहिलं तर काय करता?"

"एक रेघ मारतो," मी म्हटलं. "खालचं दिसेल अशी. आणि सही, तारीख."

"आमच्यात बी तेच. खाडाखोड नाय करायची. कागद फाडायचा नाय. रेघ मार."

मी पहिल्या ओळीवर रेघ मारली आणि सही केली. दुसऱ्या ओळीवर मारली. तिसऱ्या ओळीवर पेन टेकवलं, तेवढ्यात काकांनी त्या ओळीवर आपला अंगठा ठेवला. जाड, नखाशी भाजल्याचा जुना डाग असलेला अंगठा.

"ही नको. मार्थाला सांगितलं मी सगळं. ती म्हनली, रूथनं मनानं बनवली असंल, पन मला पोचली. ती राहू दे. तिचं काय करायचं ते देव बघंल."

"काका, तुम्हाला राग..."

"आला व्हता. अजून हाय थोडा. तू बाकीच्या मार आधी, उजाडतंय."

उरलेल्या सहा ओळींवर मी रेघा मारल्या. आठ रेघा, आठ सह्या. कागदावर दोन थेंब पडले, ते त्यांनी शर्टाच्या बाहीनं टिपले.

साक्षीची वेळ आली तेव्हा काका पुढे गेले. माइक उलटा धरला होता, पाळकीणबाईंनी तो सरळ करून दिला. ते म्हणाले, "माझी बायको अंथरुनावर हाय. तिच्यासाठी हे चाळीस दिवस लिहिलंय. यातल्या आठ नोंदी चुकीच्या हायेत. रेघ मारलीय, सही हाय. बाकीचं वाचतो." आणि त्यांनी वाचलं, तारीख, वेळ आणि नोंद. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी उभी राहून घेणार होते, पण उठले नाही, तेही सांगून टाकते. पंधरावा दिवस आला. "आज तो बोलला नाय. भांडन." लोक एकमेकांकडे बघायला लागले. पुढे एक ओळ आली, "आज काही नाही." काका थांबले. अशा साक्षीला काय म्हणायचं ते कुणाला कळेना. मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, आमेन. पुढच्या 'आज काही नाही'ला चार-पाच जण म्हणाले. तिसऱ्या वेळी सगळं मैदान म्हणालं, आणि त्यात मीही होते. इतकं मनापासून आमेन मी त्याआधी कधी म्हटलं नव्हतं.

त्याच वर्षी मे महिन्यात मार्थाकाकू गेल्या. शेवटपर्यंत त्या खुर्चीपर्यंत चालत होत्या, हळूहळू. त्यांना मातीला देऊन आल्यावर मी काकांबरोबर त्यांच्या घरी गेले. पलंग रिकामा होता. समोरच्या भिंतीवर तो कागद तसाच होता, माझ्या आठ सह्यांसकट. मी बघतेय हे काकांनी पाहिलं आणि ते चहा ठेवायला आत गेले.

मी अजून लॅबमध्ये आहे. पाचला उठते. लेंट असो नसो, उठतेच. देवाजवळ गेले म्हणजे नेमकं किती गेले, ते मोजायचं कुठलंही यंत्र माझ्याकडे नाही, आणि आता मोजावंसंही वाटत नाही. आईला का नेलं, ते त्यानं मला अजून सांगितलेलं नाही. मी अधूनमधून विचारते. पण आता पाठ फिरवून विचारत नाही.

आज राखेचा बुधवार. पाचला जुईनगरचे जोडलेले हात आले. मी ओढणी घेतली, ओट्याच्या दाराला टेकून बसले. मोटर सुरू झाली, बंद झाली. समोरच्या तिसऱ्या मजल्यावर दिवा होता, या वर्षी तिथे दुसरंच कुणीतरी परीक्षेला बसलेलं असणार. अर्धा तास अगदी कोरडा गेला. साडेपाचला फोन लावला.

"काका, माझं झालं."

"काय म्हनला?"

"आज काही नाही, काका."

"बसलीवतीस ना पन?"

"बसले होते."

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज झाला, मग पेनाचं टोपण काढल्याचा. काकूंची भिंत आता कुणी वाचत नाही, तरी दर लेंटला काका नवं पान आखतात.

"मग लिहितो," ते म्हणाले, "हाय तसं. ठेवतो."